चिमट्याचं बाळंतपण

गारखेड्याच्या चौकात भाजीची गाडी लावणाऱ्या वच्छलाबाईचा राग अख्ख्या गल्लीला माहीत होता. तो आला कुठून, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही.

सासर गंगापूरकडचं. पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा जीपमध्ये घालून तिला शहरातल्या एका दवाखान्यात आणलं. टेबलावर पाय बांधले. कुणीतरी ओरडलं, "चिमटा आणा!" वच्छलाबाईला वाटलं, आता आपल्याला कापणार. "काय करता हो?" तिनं विचारलं, तर सिस्टर खेकसली, "गप पड. पोर पाहिजे ना?" लोखंडाचा खणखणाट झाला, जीव निघाल्यागत कळ आली अन् बद्री जन्मला. त्याच्या दोन्ही गालांवर लाल वळ. हिला टाके कशासाठी घातले, एका शब्दानं कुणी सांगितलं नाही. कितीतरी दिवस तिला मांडी घालून बसता येईना.

वळ आठवड्यात गेले. सासूचं तोंड काही थांबलं नाही. दगडाबाई ज्याला त्याला सांगायची, "हिच्यात जोरच नव्हता. चिमट्यानं वढून काढावं लागलं पोर." बद्री धडधाकट वाढला, तरी शेजारणी त्याचं डोकं चाचपून बघायच्या. वच्छलाबाई आतल्या आत जळायची. कधी कधी तिलाही वाटायचं, खरंच आपलंच काही चुकलं असेल का? आणि असं वाटलं की तिला स्वतःचाच संताप यायचा.

पुढं लेक शेवंता बाळंतपणाला माहेरी आली. कळा देऊन देऊन पोर पार थकली होती. डॉक्टरीणबाईंनी पोटाला यंत्र लावून ऐकलं आणि सिस्टरला म्हणाल्या, "व्हॅक्यूम लावू. आजी, तुम्ही बाहेर व्हा."

"नाय व्हत." वच्छलाबाईनं खाटेची दांडी घट्ट धरली. "आधी काय करताय ते सांगा. मला नाय, तिला सांगा. अंग तिचं हाय."

"आजी, वेळ नाहीये!"

"मग भांडण्यात घालवू नका. बोला."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा तापला. तरी त्या वाकल्या, शेवंताचा हात धरला. "बाळाचे ठोके मंदावतायत. डोकं खाली आलंय, पण तू दमलीस. डोक्याला वाटी लावते. तू जोर दिलास की मी ओढीन. थोडी सूज येईल, ती उतरते. टाके लागले तर आधी भूल देईन. नाहीच आलं तर सिझर. चालेल?"

"लावा," शेवंता म्हणाली.

थोड्याच वेळात नात रडली. वच्छलाबाईला हायसं वाटलं, आणि लगेच संताप उसळला. "एवढंच सांगायचं व्हतं व्हय?" ती डॉक्टरीणबाईंवर ओरडली, आणि बद्रीच्या वेळचं सगळं भडाभडा बोलून गेली.

बाळाला दुपट्यात गुंडाळत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चिमटासुद्धा बाळ वाचवायलाच असतो, आजी. कधी डोकं तिरकं अडकतं, कधी ठोके मंदावतात. त्यात तुमचा काही दोष नव्हता."

"हे तवा सांगायला पायजे व्हतं! सासू मेली माझी. आता कुणाला जाऊन सांगू?"

वच्छलाबाई तरातरा व्हरांड्यात गेली. तिथं शेवंताची सासू बसली होती. तिनं तोंड उघडायच्या आत वच्छलाबाई तिच्यापुढं उभी राहिली. "विहीणबाई, नीट ऐका. बाळाच्या डोक्याला सूज हाय. का आली, ते मी सांगते."