कोकरावर गुडघे

बाबा गेल्यावर आईला मी सहा महिन्यांसाठी बर्मिंगहॅमला आणलं. पहिल्याच रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आल्यावर तिनं अंगातला कोटही न काढता सांगितलं, "माझं तिकीट अलीकडचं करून दे. वसईला माझं बरं होतं."

वसईला तिचं काय बरं होतं, ते मला ठाऊक होतं. केळीच्या वाडीकडची खिडकी लावून घ्यायची आणि आत बसून राहायचं. शेजारणीनं हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बाबांचा विषय निघाला की चहा टाकायला उठायचं. तिला पुन्हा चार माणसांत बसवायचं, एवढाच माझा बेत होता. मी दिवसभर बँकेच्या कॉम्प्युटरपुढे, तेव्हा चार माणसं मिळायची जागा म्हणजे चर्च. नेमकं तेच तिनं निकालात काढलं होतं.

मी 'कथीड्रल' म्हटलं म्हणून तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. प्रत्यक्षात आमचं कथीड्रल वसईच्या चर्चच्या अंगणात आरामात मावेल. इथली मंडळी पूर्वी अँग्लिकन, म्हणजे पोपला न मानणारी, होती. मग फादरसकट सगळी कॅथलिक झाली. येताना आपल्या चालीरीती बरोबर आणायला रोमनं परवानगी दिली, आणि इंग्रज माणसाला अशी परवानगी मिळाली की तो मागे काही ठेवत नाही. जुन्या वळणाचं इंग्रजी आलं, गीताचं शेवटचं कडवंसुद्धा न गाळण्याचा हट्ट आला, मिस्सानंतरचा केक आला, चहाचा बंब आला. फादरची बायकोही आली. या लोकांच्या बिशपची खुर्ची इथे ठेवली आहे म्हणून हे कथीड्रल, नाहीतर बाहेरून शाळेचा हॉल वाटेल.

"कुणाची बायको?" आईनं मला पुन्हा पुन्हा विचारलं. वसईला फादर लग्न करत नाहीत. मग जरा विचार करून म्हणाली, "असू दे. बिचाऱ्याला वेळेवर जेवायला तरी मिळत असेल."

बिनसलं ते उशीवरून. इथे प्रत्येक बाकाला गुडघ्याखाली घ्यायच्या जाड, भरतकाम केलेल्या उश्या टांगलेल्या असतात. त्याही जुन्या चर्चमधून आलेल्या. बायकांनी हातानं भरलेल्या, आणि प्रत्येकीच्या कडेला कुणातरी गेलेल्या माणसाची आद्याक्षरं. आईच्या वाट्याला आलेल्या उशीवर, बाकीच्या उश्यांसारखंच, झेंडा घेतलेलं पांढरं कोकरू होतं. गुडघे टेकायची वेळ आली तशी आईनं उशी हातात घेतली, कपाळाला लावली, बाकावर नीट ठेवली आणि स्वतः दगडी फरशीवर टेकली. तिच्या गुडघ्यांपुढे वसईच्या डॉक्टरांनी कधीच हात टेकले आहेत. आजूबाजूचे लोक न बघता बघत होते. हे त्यांना फार छान जमतं.

नंतर फादरची बायको माझ्याकडे आली. उशी ओलसर होती का, तिनं विचारलं. नाही म्हटलं. मग धूळ होती का? तसंही नाही. "ती माझ्या आईच्या आठवणीची आहे," ती म्हणाली, आणि मला केकचा आणखी एक तुकडा वाढला. इथे माणूस दुखावला की असा जास्तच गोड वागतो. आईला इंग्रजी येत नसलं तरी चेहरे वाचता येतात. म्हणून ते तिकीट.

"आणखी एकच रविवार," अशी गयावया करून मी तिला पुन्हा नेलं आणि मिस्सानंतर दोघींना समोरासमोर उभं केलं.

"आई, तू उशी का नाही घेतलीस ते यांना सांग. मी ट्रान्सलेट करते."

"सांगायचं काय त्यात? तिलाच विचार, मिस्सात प्रभूला 'देवाचं कोकरू' म्हणायचं आणि लगेच त्याच्याच पाठीवर गुडघे रोवायचे, हे कसं काय?"

मी जरा मऊ करून सांगितलं. फादरची बायको उशीकडे बघत राहिली. "अरे देवा," ती हळूच म्हणाली, "मी लहानपणापासून रोवतेय."

पुढच्या रविवारी तिनंही आपली उशी बाकावर ठेवली आणि फरशीवर टेकली. त्याच्या पुढच्या रविवारी तिची सगळी रांग. सौजन्य इथे सर्दीसारखं पसरतं. दुखऱ्या कमरेचे, नव्या खुब्याचे म्हातारे कण्हत फरशीवर उतरू लागले, कारण कोकरावर परत गुडघे ठेवणारं पहिलं माणूस कुणालाच व्हायचं नव्हतं. उपवासकाळाला, म्हणजे अंगाला कष्ट द्यायच्या दिवसांना, अजून अवकाश आहे, असं फादरनी वेदीवरून सुचवून पाहिलं. त्यांच्या बायकोनंच ऐकलं नाही, तर बाकीचे काय ऐकणार!

शेवटी नव्या उश्या भरायचं ठरलं. गुरुवारी संध्याकाळी बायका जमायच्या. आईला नन्सनी शाळेत भरतकाम शिकवलेलं, त्यामुळे तिला मानाची खुर्ची. पण उशीवर काढायचं काय? मासा? तो प्रभूचा. लिली? ती मारियाबाईची. किल्ल्या? त्या संत पेत्राच्या. आई नुसती मान हलवायची आणि एकेक नक्षी बाद व्हायची. अखेर फादरच्या बायकोनं विचारलं, "मग तुम्ही कशावर टेकाल?"

"केळीवर," आई म्हणाली, आणि कागदावर केळ काढू लागली. काढता काढता बोलू लागली. वारा सुटला की हे केळींना कसे टेकू द्यायचे, एखादी आडवी झाली की तिच्यावर कसे ओरडायचे, आणि मग तिच्याच शेजारी जेवायला कसे बसायचे. बाबांबद्दल ती पहिल्यांदाच बोलत होती. मी इंग्रजीत सांगत होते, मग मला रडू आलं आणि पुढचं सांगता येईना. तरी त्या बायका ऐकत राहिल्या.

तिकिटाचा विषय तिनं नंतर काढलाच नाही. काढला तो व्हिसा संपत आल्यावर. "थोडं पुढचं नाही का होत?" नव्हतं होत.

ती गेल्यानंतरच्या रविवारी माझ्या जागी नवी उशी टांगलेली होती. हिरवीगार केळ आणि कडेला देवनागरीत बाबांची अक्षरं. एक बाजू आईकडून राहिली होती, ती फादरच्या बायकोनं पुरी केली होती. प्रार्थनेची वेळ आली. मी उशी हातात घेतली, कपाळाला लावली, बाकावर ठेवली आणि फरशीवर टेकले.

संध्याकाळी फोनवर आईला हे सांगितलं. मला वाटलं, तिला भरून येईल.

"वेडी आहेस का?" ती म्हणाली. "फरशी गार लागते म्हणून तर केली ना ती? लहानपणी दुपारी ते जरा आडवे झाले की त्यांच्या पोटावर गुडघे रोवून बसायचीस. तेव्हा कधी हूं का चूं केलं नाही त्यांनी. आता काय करणार आहेत? टेक खुशाल."