आत उघडणारं दार

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि ह्यांना तर मी भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा दोनदा सांगते. आज सांगते. बसा जरा.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आधी हे ऐका — मी तोंडाची फटकळ. वारज्यातली आमची अख्खी सोसायटी मला टरकून असते. ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्या हॉस्पिटलला तीन पानी पत्र लिहिलं होतं. चादरी, पाणीदार आमटी, लिफ्टपाशी ताटकळणारी म्हातारी माणसं — काही सोडलं नाही. आणि काय व्हावं? त्यांनी मलाच बोलावलं. रुग्ण आणि नातेवाइकांची समिती काढतोय, म्हणाले, तुमच्यासारखीच माणसं हवीत.

काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं. साठी उलटल्यावर गळ्यात बिल्ला — 'रुग्णमित्र'. महिन्यातून एकदा वॉर्डात फिरायचं, लोकांच्या अडचणी वहीत लिहायच्या आणि अकराच्या मीटिंगमध्ये मांडायच्या. मला ही कल्पना तेव्हाही झकास वाटली, आजही वाटते. पलंगावर पडलेल्याला जे दिसतं ते केबिनमध्ये बसून दिसेल का? पहिल्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसून सव्वानऊलाच हजर.

बायकांच्या वॉर्डात रेहाना भेटली. तिची सासू तापाने दाखल होती, फार अशक्त. रेहानाने माझा हात धरला आणि थेट बाथरूमपाशी नेलं.

"काकू, हे दार आत उघडतं. आत कोणी चक्कर येऊन पडलं तर अंग दाराशीच अडकणार. मग बाहेरून उघडायचं कसं?"

तिचा नवरा सुतार, त्याने आल्या आल्या हेरलं होतं. दार बाहेर उघडेल असं बसवायचं, अर्ध्या दिवसाचं काम, म्हणाली. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. मी लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. असा हुरूप आला होता मला — पहिल्याच दिवशी केवढी मोठी गोष्ट हाती लागली होती.

मग मीटिंग. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. माझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं, अगदी कौतुकानं. फोटो झाला. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं म्हणा ना — आणि मी चढले. मग त्यांनी विचारलं, काकू, आता काही तक्रार? वही मांडीवर उघडी होती. त्या दोन रेघा मला दिसत होत्या. आणि मी — रिक्षावाल्यालासुद्धा न सोडणारी मी — म्हणाले, "छे हो, आता सगळं उत्तम आहे."

का? भीती होती का? नाही हो. खोलीतले सगळे माझ्यावर खूश होते आणि मला ते बिघडवायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रेहानाची सासू त्याच बाथरूममध्ये पडली. दार उघडेना. ढकलावं तर आत ती कळवळायची. शेवटी दार कापून तिला बाहेर काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. चार घरी स्वतःच्या पायांनी जाणारी बाई — ती पुन्हा चालली नाही.

पुढच्या मीटिंगला रेहाना आली ती संतापूनच. टेबलापाशी उभी राहिली आणि माझ्याकडे बोट केलं. "या काकूंनी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत."

मी काय म्हणाले होते ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिला सोडून. मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं — मी बोलेन म्हणून थांबले, खरंच थांबले. माझ्या तोंडून ब्र निघाला नाही. मग ते तिला म्हणाले, "चूक आमची आहे." ती चूक मी त्यांना स्वतःवर घेऊ दिली.

आता त्या हॉस्पिटलातली सगळी दारं बाहेर उघडतात. रेहाना समितीत आहे, आणि काय काम करते हो ती! औषधांच्या चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात आल्या त्या तिच्यामुळे, घरी सोडताना नातेवाइकांना शेजारी बसवून सगळं समजावतात तेही तिच्यामुळेच. तिला बोलताना ऐकलं की मला आजही स्फुरण चढतं. समितीत नवं माणूस आलं की माझी ओळख तीच करून देते. दर वेळी सांगते, "काकूंनी दाराचं आधीच सांगितलं होतं."

परवाही म्हणाली. मी हसून मान डोलावली.