काकूंच्या शेगडीवरचा डाग

काकू कोणाच्याही घरी बसण्याआधी खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवायच्या आणि ते बोट घरच्या बाईसमोर धरायच्या. "दिसतंय ना?" एवढंच विचारायच्या. तुमच्याही शेजारी अशी कुणी असेल, तर ती फाटकात दिसताच आधी खुर्च्या का पुसतात ते मी सांगायला नको.

पनवेलजवळ सुकापूरला आमच्या कुंपणाला लागून त्यांचा बंगला. परदेशात थंडीच्या मुलखात राहणाऱ्या मुलाने हौसेने बांधलेला. हॉलमध्ये त्याने तिकडून मागवलेली, लाकडं पेटवून खोली ऊबदार करायची शेगडी होती, गुळगुळीत राखाडी संगजिऱ्याच्या दगडाची, छातीएवढी उंच. पनवेलच्या उकाड्यात शेगडी! गल्लीत आम्ही तिला बंब म्हणायचो, अर्थात काकूंच्या माघारी. फोटोपुरती एकदा पेटवली, मग नुसती पुसायची.

काकांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, पुढे माणसंही ओळखेनात. त्यांना एकच सुख उरलं होतं. काकू रोज सकाळी त्यांच्या डोक्याला खोबरेल चोळायच्या, लहान पोराला चोळावं तसं. ते झालं की काका सरकत सरकत शेगडीपाशी जायचे आणि गार दगडाला कपाळ टेकून बसायचे. चेहरा इतका निवांत, की पाहणाऱ्यालाही बरं वाटे.

दगडावर मात्र तेलाचा काळपट डाग पडला.

काकूंनी साबण लावला, सोडा लावला, बारीक पॉलिशपेपरने घासलं. दुसऱ्या दिवशी काकांचं कपाळ पुन्हा तिथेच. मग त्यांनी शेगडीपुढे निवडुंगाच्या कुंड्या मांडल्या. काकांनी धड असलेल्या हाताने त्या बाजूला केल्या आणि तळहात रक्ताने माखून घेतला. कामाला येणारी जासईची मावशी म्हणाली, "काकू, आमी घासून दमलो. डाग नाय जात. बाबांना गार वाटतं, तर बसू द्या ना." काकूंनी तिच्या हातात पुन्हा पॉलिशपेपर दिला.

मुलाने फोनवर सांगितलं, की शेगडी चांगली तापवली तर दगडात मुरलेलं तेल जळून जातं. मे महिना चालू होता. काकूंनी सकाळीच लाकडं पेटवली. बराच वेळ धूर थांबेना म्हणून मी धावत गेले, आणि पुढचं मला पाहावं लागलं. तेल लावून झालेले काका नेहमीसारखे शेगडीकडे निघाले होते. काकूंनी त्यांना अडवलं नाही. उलट तेलकट हाताने त्यांची मान धरली आणि कपाळ दगडाला टेकवलं.

"एकदा चटका बसला की कळेल," त्या मला म्हणाल्या.

काकांच्या घशातून नुसती हवा आली. मी काकूंचा हात हिसडून सोडवला. मला त्या बाईची तेव्हा शिसारी आली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

डाग गेला. शेगडी विझली, दगड गार झाला, आणि कपाळाला पट्टी बांधलेले काका पुन्हा तिथेच जाऊन टेकले. शेगडीचं त्यांना काहीच कळलं नव्हतं. पण काकू तेलाची वाटी घेऊन आल्या, तसा त्यांनी हात वर केला आणि डोकं झाकून घेतलं.

त्यानंतर रोज तेच. काकू वाटी कोमट करून समोर बसायच्या, "हळूच लावते हो," म्हणायच्या. काका भिंतीकडे सरकायचे. केस पार काथ्यासारखे झाले.

पावसाळ्यात ते गेले. अंघोळ घालण्याआधी काकूंनी वाटी मागून घेतली आणि त्यांच्या डोक्याला तेल चोळलं, किती तरी वेळ. काकांचा हात खालीच राहिला.