बारा जणींचा एकच चेहरा

आता जे सांगतोय त्यावर खुशाल हसा, माझी हरकत नाही. फक्त आमच्या कॉलेजच्या खो-खोच्या पोरींपैकी कुणी भेटली, तर मी अजून जळगावातच राहतो हे तिला सांगू नका!

मी तेव्हा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. इंटर्नशिप कुठेतरी करायचीच होती, आणि कॉलेजच्या क्रीडा विभागाला पोस्टर करणारा कुणीतरी हवा होता. क्रीडा विभागाचे चौधरी सर म्हणाले, "काही अनुभव आहे का रे?"

"दोन सुट्ट्या असोद्याला मामेभावाच्या फोटो स्टुडिओत होतो, सर. लग्नाचे अल्बम करायचो."

काय रुबाबात सांगितलं होतं मी! अहो, त्या स्टुडिओत शिकलो काय? एकच गोष्ट. नवरी गोरी निघाली पाहिजे. नवरदेव जमला तर. "माझा फोटो जरा जास्तच गोरा आलाय" अशी तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही.

पहिलंच काम आलं ते मुलींच्या खो-खो संघाचं. संघ धुळ्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला निघालेला. सरांनी भर दुपारी मैदानावर आपल्या मोबाइलने बारा जणींचे बारा फोटो काढले आणि मला पाठवून दिले. मी त्या पोरींना तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं. त्या सकाळी मैदानावर, मी दुपारी कॉम्प्युटरवर!

फोटो उघडले आणि मी कपाळाला हात लावला. घाम काय, धूळ काय, उन्हाने रापलेले चेहरे काय! म्हटलं, यांचं कल्याण आपल्याच हातून व्हायचंय.

आधी रंग उजळला. मग पुटकुळ्या काढल्या. नाकं जरा चापून बसवली, डोळे मोठे केले. एकीच्या भुवईवर जुन्या जखमेची खूण होती, ती तर इतकी सफाईने पुसली की माझं मलाच कौतुक वाटलं. आणि एकीवर सेटिंग जमल्यावर पुन्हा पुन्हा कष्ट कशाला? तीच बाराही जणींना लावली.

पोस्टर गेटवर झळकलं. सर खूश, प्राचार्य खूश. निम्म्या कॉलेजने स्टेटसला ठेवलं. मी हवेत!

दुसऱ्या दिवशी कल्पनाताईचा फोन आला. ही संघाची कॅप्टन. रावेरकडच्या खेड्यातली, शेवटच्या वर्षाला होती. विद्यापीठाचा संघ धुळ्याच्या स्पर्धेतूनच निवडणार होते, म्हणजे तिला ही शेवटचीच संधी.

"अरे भाऊ, एक विचारू? पोस्टरमध्ये मी कुठली?"

"ओळखू येत नाही ना?" मी छाती फुगवून म्हणालो.

"नाही. खाली नाव होतं म्हणून कळलं."

"थँक यू, ताई!"

थँक यू म्हणालो हो मी! शहाणा माणूस तिथेच सावध झाला असता.

निघायच्या आदल्या दिवशी सर धावत आले. त्या वर्षीची ओळखपत्रं छापून यायची होती, त्यामुळे धुळ्याला फोटोंसकट सहीशिक्क्याची यादी द्यायची होती. "तुझेच फोटो लाव रे, छान आलेत!" मी लावले. प्राचार्यांचा शिक्का बसला. आणि फुकटात धुळं बघायला मिळेल म्हणून मीही बसमध्ये चढलो.

धुळ्याच्या मैदानावर टेबलापाशी एक पंच यादी तपासत होते. जाडजूड मिशा, गळ्यात शिट्टी. एकदा यादीकडे बघत, एकदा पोरींकडे. पुन्हा यादीकडे. मग कार्यालयीन मराठी बाजूला ठेवून अहिराणीवरच आले.

"बठ्ठ्या पोरी एकच मायन्या शेतस का, सर?"

साऱ्या पोरी एकाच आईच्या कशा, याला चौधरी सर काय सांगणार? कसनुसं हसले. खूप घासाघीस करून, उंचीबिंची बघून अकरा जणींना आत सोडलं. कल्पनाताई मात्र अडकली. "हिच्या भुवईवर एवढी मोठी खूण आहे," पंच म्हणाले. "फोटोत कुठाय? ही दुसरीच कुणीतरी आणली तुम्ही!"

तिने मोबाइलमधलं आधार दाखवलं. पंच म्हणाले, "नाव पटलं. पण तुमच्या कॉलेजची कल्पना ती हीच, हे सांगतंय कोण? शिक्का तर त्या फोटोवर आहे."

एवढ्यात तिचे आजोबा पुढे आले. आबा नातीचा खेळ बघायला पहाटेच्या एसटीने रावेरहून आलेले. सरांचा जीव भांड्यात पडला. "घ्या, सख्खे आजोबा! आबा, यातली तुमची नात दाखवा."

आबांनी चष्मा पुसला. यादीवरून सावकाश बोट फिरवलं, वरून खाली, खालून वर. आणि खरं बोलणाऱ्या माणसाने बोलावं तसं बोलले.

"इच्यात एकबी आमची नाही. आमची पोर उन्हातली हाये. ह्या साऱ्या सावलीतल्या पोरी दिसून राह्यल्या."

कुणी हसलं नाही. कल्पनाताई खाली बघत होती. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन दुभंगावी. त्या पोरीचा रंग पुसताना मी तिला विचारलंही नव्हतं, आणि वर तिच्याकडून कौतुकाची अपेक्षा!

गप्प राहवेना. पुढे झालो आणि म्हणालो, "साहेब, चूक माझी आहे. हे फोटो मी बनवलेत. ही कल्पनाताईच आहे."

"असं?" पंचांनी कागदाने नावं झाकली. "मग दाखव यातली ती."

मी ताईकडे बघितलं. यादीकडे बघितलं. बारा गोऱ्यापान बाहुल्या माझ्याकडे बघत होत्या. देवाचं नाव घेतलं आणि एकीवर ठामपणे बोट ठेवलं.

पंचांनी कागद उचलला. खाली नाव होतं, निकिता.

"अरे भाऊ," ते हताशपणे म्हणाले, "बनाडनारालेच वळखता येत नही, ते आम्ही कसं वळखसूत?"

शेवटी डोकं चालवलं ते कल्पनाताईनेच. "सर, मूळ फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असतील ना?" होते! पण मैदानाबाहेर जाऊन प्रिंट काढा, नवा अर्ज लिहा, प्राचार्यांना फोन लावा, यात पहिला डाव संपला. तो तिने बाहेर बसून बघितला. दुसऱ्या डावात आत गेली आणि अशी काही पळाली की समोरच्या संघाला तिला शिवता आलं नाही. तरी सामना आम्ही थोडक्यात हरलो. निवड समितीने एकाच डावावरून तिचं नाव राखीव खेळाडूंत घातलं. पूर्ण खेळली असती तर? हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मीच आजवर विचारतोय.

सामन्यानंतर माफी मागायचं ठरवलं. पोरी मंडपाच्या कडेला घोळक्याने उभ्या होत्या. मी "कल्पनाताई" म्हणत जवळ गेलो, एक जण वळली. शरमेने मान वर होईना. तिच्या बुटांकडे बघतच सगळं बोललो. माझ्या मूर्खपणाने तुझी संधी गेली म्हणालो, तुझा चेहरा जसा आहे तसाच चांगला होता म्हणालो, बोलता बोलता डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, मी निकिता. ताई तुमच्या मागे आहे."

मी वळलो. मागे चौघी उभ्या होत्या, आणि उन्हासाठी चौघींनीही भुवयांसकट तोंड झाकून स्कार्फ बांधलेले.

काय करणार? चौघींचीही माफी मागितली.