अर्जुनरावांनी सरळ केलेलं पाणी

पिंपरीच्या कंपनीत अर्जुनराव क्वालिटीला होते आणि मी, रंगराव, प्रॉडक्शनला. म्हणजे मी माल काढायचा आणि त्यांनी तो रिजेक्ट करायचा, असा आमचा संसार रिटायर होईपर्यंत चालला. केसाएवढा बाक असला तरी त्यांना दिसायचा. लाल मार्करनं फुली मारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते मी अजून माफ केलेलं नाही.

पुढं मी भोसरीत नायलॉनचे पार्ट बनवायचं छोटं वर्कशॉप टाकलं, आणि अर्जुनराव संत तुकाराम नगरात स्वतःच्या घराची तपासणी करू लागले. पडदा एका बाजूला लांब, कॅलेंडर तिरकं, चपातीला कोपरा! बायकोला सवय होती, मुलगा निरंजन कानाडोळा करायचा. नवी सून योगिनी मात्र त्यांना बिचकून असायची. ती निगडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते.

यंदा तिची नोकरी टांगणीला लागली होती. शुक्रवारी संस्थेचे अध्यक्ष वर्गात बसून तिचा पाठ बघणार आणि तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार. पाठ सहसंयुज बंधाचा. दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी सामाईक ठेवतात आणि त्यामुळं एकमेकांना धरून राहतात, तो बंध. मुलांच्या हातात द्यायला रेणूंचे नमुने हवे होते आणि शाळेकडं एकही नव्हता. हे कानावर पडताच अर्जुनराव म्हणाले, "ड्रॉइंग दे. बाकी माझ्यावर सोड."

माझ्यावर सोडलं, असं म्हणायला हवं होतं. कार्बनचे काळे, ऑक्सिजनचे लाल, हायड्रोजनचे पांढरे गोळे मी केले. ते जोडणारी एक सळई म्हणजे सामाईक इलेक्ट्रॉनची एक जोडी. अर्जुनराव शेजारी उभे राहून प्रत्येक गोळा तपासत होते. माझ्याच वर्कशॉपमध्ये, माझ्याच डोक्यावर!

बुधवारी संध्याकाळी आम्ही खोकं घरी नेलं. योगिनीनं पाण्याचा रेणू उचलला आणि तिचा चेहरा उतरला.

"अप्पा, हे सरळ झालंय."

"तुझ्या ड्रॉइंगमध्ये वाकडं होतं. हात हलला असेल म्हणून मी पट्टीनं सरळ करून दिलं," अर्जुनराव म्हणाले.

"हात हलला नव्हता," ती हळूच म्हणाली. "पाण्याचा रेणू वाकडाच असतो."

अर्जुनरावांचा माल आजवर कुणी परत केला नव्हता. मला तर पेढे वाटावेसे वाटले. पण शुक्रवार दोनच दिवसांवर होता, ते आठवून माझं हसू जिरलं.

"वाकडा तुकडा मी आयुष्यात पास केला नाही," अर्जुनराव कडाडले. "कार्बन डायऑक्साइड सरळ चालतो, मग पाण्यानं काय घोडं मारलंय?"

"कार्बन आपले बाहेरचे चारही इलेक्ट्रॉन बंधात लावतो, अप्पा. पाण्यातल्या ऑक्सिजनकडं मात्र दोन जोड्या उरतात, कुणाशीच न वाटलेल्या. त्यांनाही जागा लागते. त्या दोन्ही हायड्रोजनना एका बाजूला ढकलतात."

अर्जुनरावांनी बराच वेळ तो गोळा फिरवून पाहिला. मग विचारलं, "किती अंश?"

"एकशे साडेचार."

धीर आला तशी तिनं अर्जुनरावांनी लिहून ठेवलेली लेबलंही बाहेर काढली. एकावर 'मोनोकार्बन डायऑक्साइड' असं लिहिलं होतं.

"टॅगवर नग लिहायची जागा मोकळी सोडत नाहीत," अर्जुनराव म्हणाले. "एक तर एक."

"पहिला अणू एकच असेल तर मोनो म्हणत नाहीत. दुसरा एकटा असेल तर म्हणायचं, कार्बन मोनोऑक्साइड. तिथं गफलत चालत नाही. डायऑक्साइड आपण सोड्यात पितो, मोनोऑक्साइडनं माणूस जातो."

हे त्यांना लगेच पटलं. चुकीचा टॅग लागला तर काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी सगळी लेबलं मुकाट्यानं पुन्हा लिहिली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे आमच्या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी. सकाळीच अर्जुनराव कोनमापक घेऊन दारात हजर.

"वर्कशॉप उघडा."

"आज सुट्टी आहे राव!"

"रंगराव, माझा माल रिजेक्ट झालाय."

मी किल्ल्या घेतल्या. आम्ही गोळा नेमका त्याच कोनात धरून ठेवणारं फिक्स्चर बनवलं आणि नव्या लाल गोळ्यांना भोकं पाडली. एक रेणू जरासा जास्त उघडला, तर त्यावर त्यांनी स्वतःच फुली मारली. मी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. पण खरं सांगतो, रिटायर झाल्यापासून त्यांना शीळ घालताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी खोकं टेबलावर ठेवून आम्ही दोघं वर्गात मागच्या बाकावर बसलो. योगिनीची पहिलीच वाक्यं अडखळली. तेवढ्यात अध्यक्षांनी पाण्याचा रेणू उचलला. आणताना वाकला असावा असं वाटून ते भले गृहस्थ अंगठ्यांनी सळया सरळ करू लागले. योगिनी बघतच राहिली. त्यांना अडवायचं कसं?

"साहेब, सोडा ते!" शेजारून अर्जुनरावांचा आवाज आला. "वाकडंच बरोबर आहे. मी सरळ केलं होतं, तर माझा माल बाईंनी परत पाठवला!"

अख्खा वर्ग खदखदून हसला. अध्यक्षही हसले आणि म्हणाले, "मग बाई, वाकडं का ते मलाही शिकवा."

योगिनी हसली, आणि मग जी सुटली ती सुटलीच. पोरं रेणू जोडत होती, मोडत होती, ओरडून नावं सांगत होती. तास संपल्याचं कुणाला कळलं नाही.

जाताना अध्यक्ष म्हणाले, "बाई, जूनपासून तुम्ही कायम." मग ते मागच्या बाकाकडं वळले. "आणि आपण कोण?"

आता 'रिटायर्ड क्वालिटी इनचार्ज' ऐकायची मी तयारी केली. हे गृहस्थ भाजीवाल्यालाही तशीच ओळख सांगतात. अर्जुनराव उठले, सदरा खाली ओढला आणि म्हणाले,

"मी योगिनीबाईंचा सासरा."