मनातली विनंती

आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीत एक जुनी रीत आहे. प्रार्थना सभेत पाळक विचारतात, कुणाची काही विनंती? मग कुणी पोराच्या नोकरीचं सांगतं, कुणी स्वतःच्या गुडघ्याचं. आणि एखादी बाई पदर सावरत नुसतं म्हणते, "एक मनातली विनंती आहे." बस्स. पुढे कुणी काही विचारत नाही. घरात दारुडा नवरा असेल, मुलगी पळून गेलेली असेल, सगळ्या मिशन कंपाउंडला ते ठाऊकही असतं, पण सभेत त्यावर झाकण राहतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझी आई म्हणते. वर हेही म्हणते की देवाला काय पत्ता लिहून द्यायचा असतो?

लहानपणी मला ही रीत ढोंगी वाटायची. सिडनीला शिकायला आले, युनिव्हर्सिटीतल्या ख्रिस्ती मुलांच्या गटात मिसळले आणि त्यांचा मोकळेपणा बघून भारावूनच गेले. ही मुलं गोल करून बसायची आणि एकमेकांना सगळं सांगायची, आईबापांची भांडणं, डिप्रेशनच्या गोळ्या, रडणं, काहीही. उन्हाळ्याच्या, म्हणजे तिकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत त्यांनी मिशनचा बेत काढला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. दक्षिणेला समुद्रकाठच्या एका छोट्या गावात मिळून एक घर घ्यायचं, दिवसा मिळेल ती नोकरी गावातच करायची आणि कामावरच्या माणसांशी मैत्री जुळली की त्यांना येशूविषयी सांगायचं, असा तो बेत होता. मी त्या वर्षी घरी जाणार नव्हते. सिडनीत वेस्टमीडच्या माझ्या खोलीत एकटीने नाताळ काढण्यापेक्षा हे बरं, असंही होतंच.

पहिल्याच संध्याकाळी आमच्या म्होरक्याने मला साक्ष द्यायला सांगितलं. हा सिडनीच्या केलीव्हिल उपनगरातला मुलगा, कायम अनवाणी, हातात गिटार आणि मन लोण्याचं. "तू हिंदू धर्म सोडून येशूकडे कशी आलीस, ते सांग ना," म्हणाला.

"अरे बाबा," मी म्हटलं, "माझ्या पणजोबांच्या वडलांनी बाप्तिस्मा घेतला. तुझ्या घरात चर्चला जाणारा तू पहिला. मग साक्ष कोणी द्यायची?"

सगळे खळखळून हसले, तोही हसला. पण त्याचा जरा हिरमोड झाला हे मला दिसलं. हिंदुस्थानातून आलेल्या मुलीकडे सांगायला काही चमत्कार नाही, हे त्याला झेपेना.

मला एका मोटेलमध्ये खोल्या आवरायचं काम मिळालं. माझी वरिष्ठ साठीची बाई होती, काटकुळी, उन्हाने रापलेली, लहानथोर सगळ्यांना 'लव्ह' म्हणणारी. मी मिशनवाली आहे हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. "देवाचं आणि माझं जमत नाही, लव्ह," ती म्हणाली, "पण तू चादरी बऱ्या घालतेस." आमचं तिथेच जमलं. नाताळात मी तिला करंज्या नेऊन दिल्या. तिने एक उलटीपालटी करून विचारलं, "आत मटण आहे का?" आत नारळ निघाल्यावर तिने उरलेल्या सगळ्या एकटीने संपवल्या.

सकाळी चहाच्या सुट्टीत ती लाँड्रीबाहेरच्या पायरीवर बसायची, सिगारेट पेटवायची आणि फोन बघायची. लिहायची नाही, कुणाला लावायची नाही. नुसतं बघायची आणि खिशात ठेवून द्यायची. त्यानंतर दिवसभर तिचा चेहरा जरा सैल असायचा. एकदा तिने फोन माझ्यापुढे धरला. एका तरुणाचा फोटो, नाव, आणि शेजारी हिरवा ठिपका.

"माझा मुलगा. ऑनलाइन आहे. म्हणजे उठलाय."

कित्येक वर्षांत तो तिच्याशी बोलला नव्हता. तिचा दुसरा नवरा त्याला मारायचा, आणि त्या नवऱ्याला सोडायला तिने फार वेळ लावला. हे तिने तिसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगितलं. जाताना मुलगा बजावून गेला होता की मला शोधायचं नाही, लिहायचं नाही, कुणाकरवी निरोप पाठवायचा नाही, नाहीतर उरलंय तेही तोडीन. तिने ते अक्षरशः पाळलं होतं. वाढदिवसालासुद्धा ती फक्त ठिपका बघायची.

"मला तेवढं पुरतं," ती म्हणाली.

मी स्वतः आईला माझं लास्ट सीन दिसू नये अशी सोय करून ठेवली होती, कारण 'एवढ्या उशिरापर्यंत जागी का होतीस' हे दर सकाळी ऐकून कान किटले होते. तिथेच पायरीवर बसून मी ती सेटिंग बदलली. मग तिला आमच्या मंडळीतली मनातली विनंती कशी असते ते सांगितलं. तिला ते भारी आवडलं. "कुणी विचारत नाही? खरंच?" तिने दोनदा विचारलं.

दर शुक्रवारी आमच्या घरी जेवण असायचं आणि ज्याने त्याने आपल्या कामावरचं एक माणूस आणायचं. मी तिला बोलावलं. येईल असं वाटलं नव्हतं, पण आली, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात बिस्किटांचा पुडा घेऊन. जेवणं झाल्यावर नेहमीसारखे सगळे गोल करून बसले आणि म्होरक्याने विचारलं, कुणासाठी प्रार्थना करायची आहे?

तिने हात अर्धा वर केला. "माझी एक आहे," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "ही म्हणते तसली. मनातली."

मला इतका अभिमान वाटला! नगरची रीत तिथे, त्या समुद्रकाठी, एका देव न मानणाऱ्या बाईच्या तोंडून.

पण म्होरक्या पुढे वाकला. "नेमकं काय ते सांगितलंत तर आम्हाला नेमकी प्रार्थना करता येईल."

"असू दे ना," मी म्हटलं.

"नो प्रेशर," तो तिला म्हणाला. त्या मुलांचं 'नो प्रेशर' म्हणजे काय चीज आहे ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. सगळे डोळे प्रेमाने ओथंबून तिच्याकडे लागले. आणि तिने सांगितलं. नवरा, मार, ठिपका. मुलाची अट तेवढी सांगायची राहिली. एक मुलगी तिचा हात धरून रडायला लागली. म्होरक्याने मुलाचं नाव विचारलं, कारण त्यांच्याकडे नावानिशी प्रार्थना करतात. तिने नाव सांगितलं, आडनावासकट. मग एकेकाने ते नाव घेऊन प्रार्थना केली. ती ओठ घट्ट मिटून बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मलाही वाटलं, आपली माणसं पिढ्यान् पिढ्या उगाच झाकण घालत आली, खरं बळ इथे आहे.

सोमवारी ती पायरीवर बसली, पण सिगारेट पेटवली नव्हती. फोनवर ठिपका नव्हता. फोटो नव्हता. मुलाच्या नावाच्या जागी एक राखाडी गोल होता. तिने फोन बंद करून चालू केला, परत केला. "नेटवर्कचं काहीतरी असेल," मी म्हटलं. ती मान हलवून आत गेली आणि टॉवेल मोजायला लागली.

संध्याकाळी जेवताना म्होरक्या अगदी खुशीत होता. आनंदाची बातमी आहे, म्हणाला. त्याने तिच्या मुलाला शोधून काढलं होतं आणि मेसेज पाठवला होता. तो त्याने सगळ्यांना वाचून दाखवला. तुझी आई तुझ्यावर फार प्रेम करते, तिने आम्हा सगळ्यांसमोर रडत तुझं नाव घेतलं, तीही तुझी वाट बघतेय आणि देवही. शेवटी बदाम.

"आणि त्याने वाचलाय!" तो म्हणाला.

मी उठून ओरडले. गाढवा, मूर्खा, कुणी सांगितलं होतं तुला, हे सगळं मराठीत. कुणाला काही कळेना. मग मुलाची अट आणि गेलेला ठिपका, हे इंग्रजीत दोन वाक्यांत सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो स्वयंपाकघरात जमिनीवरच बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला त्याचा धड रागही करता येईना, म्हणून मी आणखी चिडले.

दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला लाँड्रीत आला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नो वरीज, लव्ह." त्याने ती क्षमा मानली आणि हलका होऊन गेला. मी तिच्या शेजारी रोज काम करत होते. खोलीत उलटी करून ठेवणाऱ्या पाहुण्यालाही ती हेच म्हणायची, याच आवाजात.

दुपारी तिने मला विचारलं, "तुझ्या फोनवरून बघशील?" मी बघितलं. नाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून बघितलं. त्या नावाची इतर माणसं होती, तो नव्हता. त्याने तिला नुसतं ब्लॉक केलं नव्हतं, तो स्वतःच खातं बंद करून तिथून निघून गेला होता. तो जिवंत आहे का, हे आता कुणाला विचारायची सोय नव्हती.

जानेवारी संपताना आमची निरोपाची सभा झाली. म्होरक्या म्हणाला, आपण बी पेरलंय, वाढवणारा देव आहे. मी मध्येच उठून मोटेलवर गेले. ती ड्रायरमधून चादरी काढत होती. दुसरं टोक मी धरलं आणि आम्ही नेहमीसारख्या घड्या घालू लागलो.

"तुम्ही अजून करता का त्याच्यासाठी?" तिने विचारलं. "प्रार्थना?"

मला बरं वाटलं. वाटलं, तिला आधार हवाय. "रोज करतो," मी म्हटलं. "सगळेच करतात."

"बंद करा, लव्ह."

मी चादर धरून तशीच उभी राहिले.

"तुम्ही चांगली पोरं आहात," ती म्हणाली. "पण एकदा केलीत तर ठिपका गेला. आता त्याला एकटं सोडा. प्लीज."

ती चिडली नव्हती. शेजाऱ्याला रेडिओ लहान करायला सांगावं तसं तिने सांगितलं होतं. आमच्या घराण्यात प्रार्थना करा म्हणून लोक दारात आलेले मी पाहिले आहेत. करू नका म्हणून कुणी हात जोडल्याचं मला माहीत नाही. मी हो म्हटलं. तिने माझ्या हातातलं टोक घेतलं आणि घडी पुरी केली.

आता मी वेस्टमीडला लॅबमध्ये काम करते. आई फोनवर अधूनमधून विचारते, "त्या मोटेलवाल्या बाईसाठी प्रार्थना करतेस ना गं?" मी तिला खरं काय ते सांगून टाकलं आणि तूही करू नकोस म्हटलं. आई खवळली. "असं कुणी सांगतं का? आणि मनातल्या मनात करायला काय जातं?"

संध्याकाळी प्रार्थनेला बसले की मी एकेकाचं नाव घेते. आई, बाबा, भाऊ, तो म्होरक्यासुद्धा. मग तिच्या मुलाचं नाव ओठांवर येतं, आडनावासकट. मी ते गिळते आणि पुढच्या माणसाकडे जाते.