सांडलवंड धरणाऱ्या सुजाताताई

“ते सगळं ठीक आहे बाप्पा, पण सांडलवंड किती धरली?”

कुठल्याही बेतावर सुजाताताईंचा पहिला प्रश्न हाच. वेलिंग्टनजवळच्या आमच्या अप्पर हट गावातल्या हॉलमध्ये गणपतीच्या जेवणाची तयारी असो, कुणाच्या घरामागचं नवं लाकडी डेक असो, नाहीतर कुणाच्या मुलीची परीक्षा. आम्ही उत्साहाने बोलत असायचो आणि या बाई चष्मा कपाळावर सरकवून मोडतोड, उशीर, पाऊस आणि आजारपण यांची चौकशी करायच्या. त्यांचं कामच ते होतं. शाळा, दवाखाना, पूल, काहीही बांधायला घेण्याआधी त्याला किती पैसे लागतील हे वेलिंग्टनच्या एका ऑफिसात बसून सांगायचं. मूळच्या नागपूरच्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नवरा प्रदीपदादा अबोल, सदा हसरा.

आमची पहिली भेट त्या हॉलमध्येच झाली. मी नमस्कार म्हटलं. त्यांनी हात जोडून खणखणीत आवाजात “जय भीम” म्हटलं. माझ्या शेजारी माझी मैत्रीण मेधा उभी होती, ती एकदम कागदी प्लेटा मोजायला लागली. प्लेटा आधीच मोजून झाल्या होत्या. मी ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं. मी विसरणाऱ्यांपैकी नाही, आणि माझ्या रागाची ख्याती पुण्यातून निघून इथवर पोचलेली आहे.

पोर्तुगालची कल्पना मेधाच्या नवऱ्याची, शैलेशची. टूर कंपनीचा आकडा ऐकून त्याला घाम फुटला, तेव्हा आपणच गाडी भाड्याने घेऊन फिरू असं ठरलं. तीन जोडपी: ते दोघं, मी आणि निखिल, सुजाताताई आणि प्रदीपदादा. बजेट कोण करणार, असा प्रश्नच कुणाला पडला नाही. घरात फुकटची तज्ज्ञ असल्यावर कशाला पडेल?

आणि त्यांनी ते काय जिवाभावाने केलं! रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्या सगळा देश मनातल्या मनात फिरून यायच्या. “ऑटोमॅटिक गाडी तिकडे महाग पडते. गिअरची घेऊ, मी चालवते. पुन्हा तिकडे सगळं उजव्या बाजूने. म्हणून एक आरसा धरला आहे.”

“आरसा?” निखिलने विचारलं.

“गल्ल्या अरुंद. आपल्यापैकी कोणीतरी एक आरसा घासणारच. तेव्हा भांडण नको, म्हणून पैसे आधीच बाजूला काढून राहिली मी.”

पहिल्या दिवशी कुणी गाडीला हात लावायचा नाही, कारण एवढ्या लांबून विमानात आंबून आलेल्या माणसाने उलट्या बाजूने गाडी चालवायची नसते. त्या दिवसाच्या गाडीचे पैसे हॉटेलात घालायचे. टोलचे वेगळे. पण सगळ्या बजेटचा कणा एकच होता. “एक गाडी, एक घर, एक चूल. रोज बाहेर जेवाल तर अर्ध्या रस्त्यात पैसे संपतील. सकाळी पोहे, दुपारी रस्त्यात पाव, संध्याकाळी मी भात लावते.” पोर्तुगालच्या समुद्राशी बसून मासे तळायचे, हे त्यांचं कित्येक वर्षांचं स्वप्न होतं. बारा महिने दुसऱ्यांच्या इमारतींचे पैसे मोजणाऱ्या बाईने पहिल्यांदाच स्वतःच्या आनंदाचे पैसे मोजायला घेतले होते.

सगळ्यांना बजेट पसंत पडलं. आणि मग मेधाचा मला फोन आला.

“अगं, किचनचं जरा ऑकवर्ड होतंय. ते लोक नॉनव्हेज करणार ना.”

मी म्हटलं, “शैलेश दर शुक्रवारी फ्राइड चिकन आणतो. तू बार्बेक्यूला लॅम्ब खातेस. मी पाहिलंय.”

“ते बाहेरचं गं. एका किचनमध्ये, एका भांड्यात म्हणजे... आम्ही असलं काही मानत नाही, तुला माहितीये. सासूबाईंना कळलं तर उगाच.”

सासूबाई पुण्यात. त्या पोर्तुगालला येणार नव्हत्या. पुण्यातून त्यांना लिस्बनच्या कढईचा वास येणार होता की काय, देव जाणे. मी फोन आपटला. हल्लीचे फोन आपटताही येत नाहीत, त्याचाही राग आला.

पण खरा कहर पुढेच होता. दुसऱ्या दिवशी सहलीच्या ग्रुपवर मेधाचा मेसेज: “सुजाताताई, दोन घरांचं एस्टिमेट द्याल का प्लीज? आम्ही चौघं एका घरात, तुम्ही दोघं दुसऱ्यात. नो रश, हीप्स ऑफ टाइम आहे. स्वीट ॲज!” इकडच्या बोलीत म्हणजे, सगळं झकास.

म्हणजे मला न विचारता मला आपल्या पंगतीत बसवून घेतलं होतं. आणि जिला पंगतीतून उठवायचं, तिनेच त्याचा खर्च काढून द्यायचा! माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. निखिल म्हणाला, “वाद नको. थोडे पैसे जास्त जातील, एवढंच ना?” त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही.

सुजाताताईंच्या ऑफिसात एक शिस्त होती, ती त्यांनी मला कामावर जाताना ट्रेनमध्ये कितीदा सांगितली होती. नकाशात बदल हवा असेल तर कोणी मागितला आणि का, ते लिहून द्यायचं. “दार डावीकडून उजवीकडे न्यायचं ना? न्या. कारण लिहा. कारण लिहायची वेळ आली की अर्धे लोक बदल मागायचंच सोडून देतात.”

संध्याकाळी त्यांचं उत्तर ग्रुपवर आलं. “बदल: एकाऐवजी दोन घरं. मागणारे: मेधा आणि शैलेश. कारण:” आणि पुढे कोरी जागा. खाली एकच ओळ, “कारण लिहा, आकडा लगेच देते.”

सगळ्यांनी मेसेज वाचला होता, हे दिसत होतं. कुणी काही लिहीना. शैलेशने एक हसरा चेहरा टाकला. दुसरा दिवस तसाच गेला. ती कोरी जागा मला ऑफिसात दिसत होती, पोळ्या लाटताना दिसत होती. शेवटी माझ्याने राहवेना. मी तिथे एक शब्द लिहिला: “जात.”

मेधा आणि शैलेश ग्रुपमधून बाहेर पडले. पाठोपाठ माझा फोन वाजला. वाटलं, सुजाताताई शाबासकी देतील.

“काहून लिहिलं तू, मृणाल?” त्या ओरडल्याच. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “ती जागा त्यांची होती! एकदा तरी कोणी स्वतःच्या हाताने लिहील, म्हणून वाट पाहून राहिली होती मी!”

“त्यांनी जन्मात लिहिलं नसतं!” मीही ओरडले.

“मग कोरी राहिली असती. त्यांची कोरी जागा रोज त्यांनाच दिसली असती. आता त्यांना तुझा शब्द दिसते. आता ते तुझ्यावर चिडतील अन् मोकळे होतील.”

झालंही तसंच. मृणालच्या तोंडाला लगाम नाही, तिनेच सहल मोडली, असं मेधा अजून सगळ्यांना सांगते. तरी मी लिहिलं ते बरोबरच लिहिलं, असं माझं मत आहे. सुजाताताईंचं मत अजून वेगळं आहे. यावर आम्ही दोघी इतक्यांदा भांडलो आहोत की प्रदीपदादा विषय निघाला की चहा ठेवायला जातात.

सहल मात्र मोडली नाही. आम्ही चौघं गेलो. मोठी गाडी तीच ठेवली. मागच्या सीटवर बॅगा ऐसपैस बसल्या. आरसा निखिलनेच घासला, एका गावात चर्चच्या कोपऱ्यावर, आणि सुजाताताई टाळ्या वाजवून म्हणाल्या, “बसला बजेटमध्ये!” एवढ्या मोठ्या गाडीचं आणि गावोगावच्या घरांचं भाडं चौघांवर पडूनही त्यांनी आमच्याकडे एक पैसा जास्त मागितला नाही, हे मात्र मला कळत नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी समुद्राजवळच्या घरात त्या मासे तळत होत्या आणि मी कोथिंबीर निवडत होते. मी विचारलं, “मेधाचा वाटा कुठून भरलात?”

“धरला होता.”

“कधी?”

“पहिल्या दिवशी. कोणीतरी गळते, मृणाल, दर वेळी. कॉलेजच्या सहलीपासून पाहून राहिली मी. चुलीची गोष्ट निघाली की कोणाला तरी काम निघते.” त्यांनी मासा उलटला. “आम्ही दोघांनी अख्ख्या गाडीचे अन् अख्ख्या घराचे पैसे बाजूला ठेवूनच सुरुवात केली होती.”

अख्ख्या गाडीचे. मी हातातली जुडी खाली ठेवली. “म्हणजे आमचेही?”

“तुमचेही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “रागावू नको. धरावे लागतात.”

मी रागावले. आयुष्यात इतकी कधी रागावले नसेन, आणि कुणावर ते मला कळेना. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. आमच्या टेबलावर, आमचा चहा पीत, हसत हसत त्या आमच्याही गळण्याचे पैसे बाजूला काढत होत्या, आणि त्यांच्या आजवरच्या अनुभवाने त्यांना तेच शिकवलं होतं. मी तशीच बाहेर जाऊन समुद्राकडे बघत उभी राहिले. मग आत आले आणि त्यांच्या कढईतला मासा हातानेच उचलून खाल्ला. बोटं भाजली.

गेल्या वर्षी ते दोघं पर्थला गेले. तिकडे पगार बरा, लेक तिकडेच. वेलिंग्टनच्या विमानतळावर मी त्यांना पोचवायला गेले. पुढच्या सहलीचं बोलणं निघालं. स्लोव्हेनिया, पुन्हा गिअरची गाडी, पुन्हा एकच घर. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, “सांडलवंड किती धरणार?”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “आरसा धरते. टोल धरते. आजारपण धरते.” मग माझा हात घट्ट दाबून म्हणाल्या, “तुमची नाही धरत.”